१४ जानेवारी २०१९ : शारजातला पराभव आणि प्रशिक्षकांचा राजीनामा

संयुक्त अरब अमिरातीतील आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत या दिवशी भारत बाद फेरीच्या उंबरठ्यावर होता. शारजात बहरीनशी बरोबरीही पुरेशी होती. पण भरपाई वेळेत कर्णधार प्रणय हलदरकडून पेनल्टी क्षेत्रात फाऊल झाला, जमाल रशीदने पेनल्टीवर गोल केला आणि भारत ०-१ असा हरला. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेतच इंग्लिश प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी पद सोडल्याचे जाहीर केले.

२०१५ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा सूत्रे घेतली, त्यानंतर फिफा क्रमवारीत १७३व्या स्थानापर्यंत घसरलेला संघ पहिल्या शंभरात आला. अनेक नवोदितांना संधी मिळाली. मात्र वरिष्ठ खेळाडूंशी मतभेदांच्या बातम्या, सतत बदलणारे कर्णधार आणि बचावात्मक डावपेचांवरची टीका यांमुळे ही कारकीर्द वादग्रस्तच राहिली.

याच स्पर्धेत ६ जानेवारीला अबुधाबीत सुनील छेत्रीच्या दोन गोलांच्या बळावर भारताने थायलंडला ४-१ असे नमवले. आशियाई चषकातला १९६४ नंतरचा हा पहिलाच विजय. शेवट कटू झाला, तरी या उभारीचे श्रेय कॉन्स्टंटाइन यांना द्यायलाच हवे.