विजेवरील सायकल : दोष-संकेत

विजेवरील सायकलच्या यंत्रणेत बिघाड झाल्यास नियंत्रक (कंट्रोलर) पडद्यावर जो क्रमांक दाखवतो, त्याला दोष-संकेत म्हणतात. क्रमांकांचा एकच सर्वमान्य कोश नाही. बाफांग या मोटार-उत्पादक कंपनीच्या यंत्रणेत २१ म्हणजे वेग-संवेदकाचा दोष. इतर काही पडद्यांवर तोच आकडा विद्युतप्रवाहातील बिघाड सांगतो. म्हणून आधी उत्पादकाची पुस्तिका पाहावी. ३० हा क्रमांक मात्र बहुतेक ठिकाणी पडदा व नियंत्रक यांच्यातील संपर्क तुटल्याचा असतो आणि मूळ बहुधा सैल किंवा ओल्या जोडणीत सापडते.

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावांत उन्हाळ्याची होरपळ, धूळ आणि पावसाळी चिखल ही बिघाडाची तिन्ही कारणे संभवतात. तपासणी बॅटरी काढूनच सुरू करावी. जोडण्या कोरड्या पुसून घट्ट बसवाव्यात. मोटारीतील हॉल-संवेदकात (फिरण्याची स्थिती ओळखणाऱ्या भागात) दोष असल्याचा संशय असल्यास बॅटरी पुन्हा जोडून, चाक हाताने सावकाश फिरवत मल्टिमीटर लावावा. संकेत-तारेवरील विद्युतदाब शून्य ते सुमारे ५ व्होल्ट असा बदलत राहिला, तर संवेदक चालू आहे. ब्रेकच्या दोषात अडकलेली मूठ आधी पाहावी. तापमानाच्या दोषात सायकल सावलीत थंड होऊ द्यावी. फुगलेली बॅटरी कधीही उघडू नये.