कोनाड्यातील कप

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. पण मंडळाच्या सुट्टीतील बालवर्गात एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने मला बराच इतिहास धुंडाळायला लावले. तोच येथे सांगते.

ती म्हणाली, "आजी, आमच्या वर्गात पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांजवळ बसून कोणी डबा खात नाही. असं चालतं का?"

"चालत नाही," असे मी चटकन म्हटले खरे; पण का चालत नाही, हे मुलांना पटेल असे सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन महात्मा फुले पेठेतील फुलेवाड्यात गेले. १८६८ साली जोतिरावांनी याच घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुलांना नवल वाटले ते निराळेच. "पाणी प्यायला कोणाची परवानगी कशाला?" असे ती विचारू लागली.

मग मी त्यांना मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतिराव व सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकलेली ही मांग समाजातील मुलगी. अवघ्या चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले. भगिनींनो, बाळंतपण म्हणजे काय हे आपण जाणतो. ते दुःख जगापुढे मांडले एका शाळकरी मुलीने!

तरीही वाट लांबचीच होती. आपण ज्या पर्वतीवर हौसेने फिरायला जातो, तेथील देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला आणि दगडांचा मारा सोसावा लागला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. तिच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५व्या कलमाने धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकान, उपाहारगृह, विहीर, रस्ता कोणालाही बंद करण्यास मनाई केली. १९५५ साली अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा झाला. १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा. त्याने राखलेल्या जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळे काढता येत नाही आणि कोणाही मुलाचा मानसिक छळ करता येत नाही. असे घडले तर आधी घरी व बाईंना सांगावे. कोणी ऐकले नाही तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा, हेही मुलांना शिकवले.

इतके सांगून मी थांबणार होते. पण मुलांपुढे अर्धे सत्य सांगवेना. आमच्या वाड्यात संडास झाडायला एक बाई येत. वयाने त्या माझ्या आजीएवढ्या. तरी आम्ही चिमुरडी पोरे त्यांना "अगं" म्हणत असू. त्यांच्यासाठी जिन्याखालच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. त्यात चहा वरून ओतला जाई. ही गोष्ट १९६० नंतरची. घटना होती, कायदाही होता, आणि कपही होता.

"मग तुम्ही काय केलंत?" त्याच मुलीने विचारले.

"काही नाही," मी म्हणाले. दुसरे उत्तर नव्हते.

मुले गप्प झाली. थोड्या वेळाने ती मुलगी हळूच म्हणाली, "शाळा सुरू झाली की मी डबा घेऊन तिकडे जाऊन बसेन."

मैत्रिणींनो, मुलांना कलमे जरूर शिकवू या. पण त्याआधी आपापल्या घरातला कोनाडा एकदा पाहून घेऊ या. कामाला येणाऱ्या बाईंचा कप कोठे ठेवतो, हे मुले रोज पाहत असतात.