पाणबुड्याची लोकरी बंडी

कॅनडात आलेल्या मराठी माणसाची पहिली मोठी खरेदी कोणती? गाडी नव्हे, घर तर नव्हेच. थर्मल्स! जानेवारीतल्या हळदीकुंकवाला पैठणीच्या आत लोकरी लेगिंग्ज घालून आलेल्या वहिनी आपल्या मंडळात किती आहेत हे मी विचारणार नाही, कारण झब्ब्याच्या आत मी काय काय घातलेलं असतं हे मग मलाही सांगावं लागेल. तेव्हा 'आतले कपडे' हा विषय स्मरणिकेत आला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. या कपड्यांना चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली दोन महत्त्वाची पानं आपल्या कॅनडात लिहिली गेली आहेत.

मी मास्टर्स करायला या देशात आलो आणि आयटी कन्सल्टंट होऊन इथलाच झालो. चाळिशीत शिरताना बहुतेक मित्रांनी गोल्फ धरला, मी डायव्हिंग धरलं. ओंटारिओतल्या ब्रूस द्वीपकल्पाच्या टोकाला टोबरमोरी हे छोटंसं गाव आहे. तिथलं फॅदम फाइव्ह हे १९८७ साली स्थापन झालेलं कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय सागरी उद्यान. तिथल्या बंदरात 'स्वीपस्टेक्स' नावाचं, १८८५ साली बुडालेलं शिडाचं जहाज जेमतेम सहा मीटर खोलीवर आहे. मात्र पाणी गार! गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड होतं आणि तळाला जाऊन बसतं. त्यामुळे वर ऑगस्टचं ऊन असलं तरी खोल तळाशी डिसेंबरच असतो.

अशा पाण्यासाठी ड्रायसूट वापरतात. गळ्याशी आणि मनगटाशी घट्ट बसणारा, आत थेंबही न शिरू देणारा हा पोशाख. मी एक जुना ड्रायसूट स्वस्तात मिळवला आणि आत रोजचा सुती टी-शर्ट घालून त्यावर गरम कपडे चढवले. किनाऱ्यावर सिलिंडर आणि शिशाची वजनं वाहताना भरपूर घाम आला. सूट कोरडाच राहिला, टी-शर्ट मात्र चिंब झाला. पाण्यात विसाव्या मिनिटाला दात वाजू लागले, पंचविसाव्या मिनिटाला बोटं ऐकेनात. सूटमध्ये हवा सोडायचं छातीवरचं बटण मला दाबता येईना. माझ्या जोडीदारानं ते ओळखलं, दंड धरला आणि मला हळूहळू वर आणलं. त्या दिवशी तो शेजारी नसता तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला, की आपल्या आधीच्या लोकांनी हे कसं निभावलं?

उत्तर शोधत गेलो ते थेट एकोणिसाव्या शतकात पोचलो. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिरानं १८३७ साली तांब्या-पितळेचं शिरस्त्राण जलरोधक पोशाखाला जोडलं. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर असलेला हा पोशाख म्हणजे आजच्या ड्रायसूटचा आजोबाच. १८३९ पासून पोर्ट्समथजवळ 'रॉयल जॉर्ज' या बुडालेल्या युद्धनौकेवर पाणबुडे उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर तोच होता. चित्रांत आपल्याला नेहमी ते चकचकीत शिरस्त्राण दिसतं. पण पोशाखाच्या आत पाणबुडे लोकरीची बंडी, लोकरीचा लेंगा, लोकरीचे लांब मोजे आणि डोक्याला लोकरीची टोपी घालत, तेही एकावर एक थर देऊन. शिरस्त्राणानं त्यांना श्वास दिला, पण पाण्यात किती वेळ टिकायचं हे आतली लोकर ठरवत असे.

यामागचं शास्त्र साधं आहे. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. तिला अडवते ती कापडात अडकलेली स्थिर हवा. लोकरीचे कुरळे तंतू ही हवा धरून ठेवतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. कापूस मात्र भिजला की अंगाला चिकटतो, त्यातली हवा जाते आणि तिथे पाणी बसतं. माझ्या टी-शर्टनं नेमकं हेच केलं होतं!

लोकरीलाही एक खोड आहे. धुतली की ती आटते. यावर इलाज सापडला तो आपल्या नोव्हा स्कोशियात. ट्रुरो गावच्या स्टॅनफील्ड बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न आटणारे लोकरी आतले कपडे बाजारात आणले. क्लॉन्डाइकच्या सोन्यामागे धावलेल्या लोकांनी ते अंगावर चढवले आणि स्टॅनफील्ड हे नाव देशभर झालं. याच घराण्यातले रॉबर्ट स्टॅनफील्ड पुढे नोव्हा स्कोशियाचे प्रीमियर झाले आणि १९६८ च्या निवडणुकीत पिएर ट्रूडोंविरुद्ध उभे ठाकले. आतल्या कपड्यांच्या कारखानदाराचा मुलगा पंतप्रधानपदाच्या दारापर्यंत जाऊन आला, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा वेटसूट तयार केला. त्यात पाणी शिरतं आणि निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे ऊब राखतात. पण जसजसं खोल जावं तसे ते बुडबुडे दाबानं चपटे होतात आणि ऊब कमी होत जाते. बर्फाळ पाण्यासाठी कोरडा पोशाखच हवा हे पुन्हा पटलं. १९६१ साली नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीनं कृत्रिम धाग्याचं केसाळ अस्तर काढलं, १९८० च्या सुमारास अमेरिकेत फ्लीस आलं, आणि लोकरीला पहिल्यांदा तोलामोलाचे भाऊबंद मिळाले.

आता कॅनडाची दोन पानं. पहिलं लॅब्रॅडॉरच्या रेड बे इथलं. सेल्मा बार्कम या संशोधक बाईंनी स्पेनमधले जुने दस्तऐवज चाळून सोळाव्या शतकातल्या बास्क देवमासे-शिकाऱ्यांचा माग काढला. त्यावरून रॉबर्ट ग्रेनिए यांच्या पार्क्स कॅनडाच्या पथकाला १९७८ साली सुमारे दहा मीटर खोलीवर एक जहाज सापडलं. ते १५६५ साली बुडालेलं 'सान हुआन' असावं असं मानतात. उत्खनन १९८५ पर्यंत चाललं. गोठायला टेकलेल्या त्या पाण्यात लोकर पुरेना, म्हणून वरच्या तराफ्यावरून नळीनं गरम पाणी थेट पाणबुड्यांच्या पोशाखात सोडलं जाई. ही ऊब नसती तर जहाजाचा लाकडान् लाकूड मोजणं अशक्यच होतं. रेड बे २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

दुसरं पान आर्क्टिकमधलं. १८४५ साली निघालेल्या सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेतले १२९ जण परतले नाहीत. त्यांचं 'एरेबस' जहाज २०१४ साली आणि 'टेरर' २०१६ साली सापडलं. त्यात इन्युइट लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या माहितीचा मोठा वाटा होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये पाणबुडे बर्फाला भोक पाडून 'एरेबस'वर उतरले. २०१९ च्या मोसमात गरम पाण्याचे पोशाख वापरून ९३ वेळा खाली जाता आलं आणि ३५० हून जास्त वस्तू वर आल्या. मला मात्र दुसरीच गोष्ट चटका लावून गेली. ज्या प्रदेशात ते खलाशी थंडी, भूक आणि आजारानं गेले, तिथेच इन्युइट कुटुंबं कॅरिबूच्या कातड्याचे दोन थर घालून राहत होती. आतल्या थराचे केस अंगाकडे, बाहेरच्या थराचे केस बाहेर आणि मध्ये हवा. पाणबुड्यांच्या कपड्यांचं सगळं शास्त्र तिथे आधीच शिवून ठेवलेलं होतं!

हे वाचताना मला आमचे पाटण तालुक्यातले आजोबा आठवले. आषाढाच्या धो धो पावसात ते धनगराकडून घेतलेल्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन बांधावर उभे राहत. घोंगडी भिजून जड व्हायची, पण आत शिरलं की ऊब लागायची. "कापड भिजलं की वैरी होतं रं, घोंगडी भिजली तरी घरची राहती," असं ते म्हणत. मी त्यांचं ऐकलं असतं तर टोबरमोरीचा तो दिवस टळला असता.

आता माझी सोळा वर्षांची लेक डायव्हिंग शिकते आहे. तिच्यासाठी मी अंगालगत पातळ मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस असे कपडे घेतले आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत ठेवले. फार जाडही घेतले नाहीत, कारण अडकलेली हवा वाढली की शिशाचं वजनही वाढवावं लागतं. सूट किनाऱ्यावर अगदी शेवटी चढवायचा, म्हणजे घाम येत नाही, हेही सांगितलं. किंमत बघून ती म्हणाली, "बाबा, तू स्वतःसाठी एवढे पैसे कधी घालवले नाहीस!"

नाही घालवले, म्हणूनच तिला ती पंचविसाव्या मिनिटाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ऐकून ती काही बोलली नाही. मग उठली आणि बॅगेत भरलेला सुती टी-शर्ट काढून कपाटात ठेवून आली.