म्युनिकने विंडोज सोडलं, आणि पुन्हा धरलं

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण स्टॉलमन यांच्या १९८३ सालच्या ग्नू प्रकल्पापाशी थांबलो होतो. आज म्युनिकला जाऊ. एका माणसाने आपला संगणक बदलणं वेगळं आणि अख्ख्या महापालिकेने बदलणं वेगळं.

तिथल्या सुमारे १४,००० संगणकांवर विंडोज एनटी ४ होतं, आणि त्याचा आधार मायक्रोसॉफ्ट काढून घेणार होती. म्हणजे यंत्रं चालू, माणसं सरावलेली, पण बदल केव्हा करायचा हे ठरवणार विक्रेता! मुद्दा फुकट मिळण्याचा नव्हता, मुक्त असण्याचा होता. इंग्रजीत दोन्हींना 'फ्री' म्हणतात आणि घोळ होतो. मराठीत तेवढी सोय आहे. २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांना भेटून गेले, किंमतही उतरवली. तरी मे महिन्यात नगरसभेने लिनक्सला कौल दिला. प्रकल्पाचं नाव लिमुक्स.

प्रत्यक्ष बदल २००६ला सुरू झाला आणि गाडी अडली कुठे? पत्रांच्या नमुन्यांत! प्रत्येक खात्याचे आपापले नमुने, आपापले मॅक्रो, वर्षानुवर्षं साठलेले, आणि सगळे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसला बांधलेले. ते सोडवायला पालिकेच्याच लोकांनी वोलमुक्स नावाचं साधन लिहिलं, पुढे तेही सर्वांना खुलं केलं. (माझी नव्वदच्या दशकातली टिपणं तेव्हाच्या एका मराठी फाँटमध्ये आहेत. आज फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर माझा, किल्ली दुसऱ्याची. तेव्हा त्या कारकुनांची तगमग मला कळते.)

२०१३च्या अखेरीस जवळजवळ १५,००० संगणक लिमुक्सवर आले. पुढच्याच वर्षी ऊडे गेले, त्यांच्याच पक्षाचे डीटर रायटर आले, आणि त्यांना लिमुक्सचं प्रेम नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, खऱ्या होत्या. पण त्यातल्या किती लिनक्सच्या आणि किती विस्कळीत संगणक-कारभाराच्या, हे निवडायला हवं होतं. ते नीट झालं नाही, असं माझं मत आहे. २०१६ला मायक्रोसॉफ्टचं जर्मन मुख्यालय शहरात आलं. यात सांधा जोडणारे पुष्कळ आहेत. पुराव्याशिवाय मी जोडणार नाही. २०१७च्या नोव्हेंबरात नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं.

२०२०ला ग्रीन आणि सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी झाली, तिच्या करारात शक्य तिथे खुलं सॉफ्टवेअर वापरायचं कलम पुन्हा आलं. महापौर मात्र तेच, रायटर!

बरं, आता प्रश्न घेऊ.