न्यायालयातील लिनक्स आणि एका प्रिंटरची जोडणी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरतात. ज्याचा जमिनीचा दावा न्यायालयात आहे, त्याला निकालाची प्रमाणित प्रत टोळी निघण्यापूर्वी हातात हवी असते. औरंगाबाद खंडपीठात अपील करायचे, तर या प्रतीवाचून पुढे सरकता येत नाही. प्रत मिळविण्यात गेलेले दिवस १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार मुदतीतून वगळले जातात, हे खरे. पण गाडीत बसलेल्या कोयत्याला त्याचा उपयोग नाही. निकाल संगणकावर तयार असतो आणि अडते ते कागदावर उतरविण्यापाशी.

देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००५ च्या धोरणातून उभा राहिला. त्यात मुक्त संगणकप्रणालीला प्राधान्य देण्यात आले आणि उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती न्यायालयांत पोहोचली. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात विकसित झाली. लिनक्स हे युनिक्सच्याच कुळातले. युनिक्सचे पहिले खरे कार्यालयीन ग्राहकही कायद्याचेच कागद तयार करणारे होते, ही गंमतीची गोष्ट. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील टंकलेखक १९७१ मध्ये त्यावर अर्ज लिहीत असत.

अनेक संगणकांना मिळून एकच प्रिंटर वापरायचा असेल, तर तो एखाद्या संगणकाला न जोडता थेट नेटवर्कला जोडणे सोयीचे. एका संगणकाला जोडलेला प्रिंटर तो संगणक बंद होताच सर्वांसाठी बंद पडतो.

पहिले काम प्रिंटरला कायमचा पत्ता देण्याचे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. राउटर हा पत्ता आपोआप वाटतो. वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. सकाळी चाललेला प्रिंटर भारनियमनानंतर 'सापडत नाही' तो यामुळे. प्रिंटरच्या पडद्यावरील नेटवर्क विभागात जाऊन पत्ता स्थिर करावा, किंवा राउटरमध्ये त्या यंत्रासाठी तो राखून ठेवावा. समजा, तो १९२.१६८.१.५० असा ठरला. संगणकावरून 'पिंग' ही आज्ञा देऊन उत्तर येते का ते पाहावे. उत्तर येत नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे. आधी तार तपासावी.

छपाईचा कारभार लिनक्सवर 'कप्स' ही प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचे काम सुरू केले. २००७ मध्ये अॅपलने ती विकत घेतली. पुढे २०१९ च्या अखेरीस स्वीट अॅपलमधून बाहेर पडल्यावर ओपनप्रिंटिंग या गटाने तिची धुरा घेतली. प्रिंटरशी बोलण्याचे तीन मार्ग आहेत. एलपीडी हा सर्वांत जुना, ५१५ क्रमांकाच्या पोर्टवरचा. ९१०० पोर्टवर मजकूर सरळ ओतला जातो. तिसरा आयपीपी, ६३१ पोर्टचा. यात प्रिंटर स्वतःची क्षमता, कागद, स्थिती कळवतो. यंत्र फार जुने नसेल तर तिसराच निवडावा, वेगळा ड्रायव्हर शोधण्याची यातायात वाचते.

ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', विसर्गचिन्ह व ६३१ असे टंकित केल्यास कप्सचे पान उघडते आणि तेथून प्रिंटर जोडता येतो. आज्ञेची सवय असणाऱ्यांना एक ओळ पुरते (प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत व अंकांत लिहावी): एलपीअॅडमिन -पी नक्कल -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर. 'नक्कल' हे रांगेचे नाव. त्यात मोकळी जागा चालत नाही. 'ई' मोठे अक्षर आहे आणि त्याची जागा महत्त्वाची. नावानंतर आल्यास रांग सुरू होते. नावाआधी आल्यास त्याचा अर्थ गुप्तलेखन असा होतो आणि रांग बंदच राहते. या एका अक्षरापायी कित्येकांचा अर्धा दिवस गेला असेल.

कागदाचे माप तपासून ए-४ करावे. अमेरिकी 'लेटर' माप तसेच राहिले, तर कागद भरलेला असूनही प्रिंटर कागद मागत राहतो.

चाचणीच्या पानावर समाधान मानू नये, कारण ते इंग्रजीत असते. मराठीची परीक्षा वेगळी घ्यावी. साधी मजकूर-फाइल सरळ छपाईला पाठविल्यास कप्स अक्षरे एकामागून एक मांडते. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भरकटतात. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करून पाठविल्यास अक्षरांचे आकार सोबत जातात. 'आष्टी', 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या', 'ऱ्हस्व' असे शब्द छापून पाहावेत. 'दुसऱ्या'तील आडवा र हा खास मराठीचा. फाँट कच्चा असेल तर चूक आधी तिथे दिसते. पक्षकाराच्या नावात अशी चूक राहिली तर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज आलाच.

छपाई अडली की 'एलपीस्टॅट -पी' ही आज्ञा द्यावी. रांग थांबलेली दिसल्यास 'कप्सएनेबल' व पुढे रांगेचे नाव. काही मांडणीत एक चूक होताच रांग स्वतःहून थांबते आणि प्रिंटर परत आला तरी थांबूनच राहते. त्यापूर्वी 'एलपीक्यू'ने खोळंबलेली कामे पाहावीत. छपाई होत नाही म्हणून तोच आदेश चार वेळा पाठवलेला असतो आणि रांग सुरू होताच चारही प्रती बाहेर पडतात.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'कप्स-ब्राउज्ड' या सहायक सेवेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. प्रिंटरचा पत्ता ठाऊक असताना ही सेवा लागत नाही. ती बंद ठेवावी आणि ६३१ पोर्ट बाहेरच्या जगाला खुला नसावा. आणखी एक बाब सहसा कोणी पाहत नाही. छापलेल्या कामाची फाइल कप्स मूळ मांडणीनुसार एक दिवस डिस्कवर ठेवते. पीडितेचे नाव गुप्त ठेवायचे असलेल्या खटल्यांचे कागद ज्या संगणकावरून छापले जातात, तेथे 'कप्सडी.कॉन्फ' या फाइलमध्ये 'प्रिझर्व्हजॉबफाइल्स'पुढे 'नो' लिहून सेवा पुन्हा सुरू करावी.