एक धड, दोन माना

‘स्टेअरवे टू हेवन’ ध्वनिमुद्रित करताना गिटारवादक जिमी पेजने सहा आणि बारा तारांच्या वेगवेगळ्या गिटारी वापरल्या. स्टुडिओत ते चालून गेलं. पण मंचावर, भर गाण्यात, गिटार बदलणार कधी? तोडगा गिब्सन कंपनीने १९५८ मध्येच काढला होता: एका धडाला दोन माना, वर बारा तारा, खाली सहा. १९७१ पासून ती पेजच्या गळ्यात दिसू लागली.

ती विजेवरची. अकूस्टिक दुमानी गिटार बांधणं जास्त कटकटीचं. बारा तारांच्या सहा जोड्या. त्यांतल्या चार खर्जाकडच्या जोड्यांत एक तार सप्तकभर वर लावतात, उरलेल्या दोन एकाच स्वरात. एवढा ताण पातळ लाकडी पृष्ठाने सोसायचा, शिवाय मोकळं थरथरायचंही! त्यावर दुसरी घोडी बसली की लाकूड आणखी जखडतं. तरीही गिटारवादक रिची सॅम्बोराने ओव्हेशन कंपनीची अकूस्टिक दुमानी ‘वॉन्टेड डेड ऑर अलाइव्ह’ या गाण्यासाठी थाटात मिरवली.

न छेडलेल्या मानेच्या तारा मात्र गप्प बसत नाहीत, आपसूक गुणगुणतात. कुणाला हा दोष वाटतो, तर कुणाला गुण. जॉन मॅक्लॉक्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रात विजेवरची दुमानी गिटार गाजवली. पुढे मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ या वाद्यवृंदात वाजवताना त्याने एकाच मानेच्या अकूस्टिक गिटारीवर तरफा, म्हणजे न छेडता अशाच गुणगुणणाऱ्या तारा, मुद्दाम बसवून घेतल्या.