एका ठोक्याची बखर

सोलापूरचा इतिहास म्हटला की भुईकोट किल्ला आणि १९३० चा मार्शल लॉ प्रथम आठवतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र या गावाची आणखी एक बखर खुणावते. ती आहे वेळ जुळवण्याची.

सूर्याच्या हिशेबाने सोलापूरची दुपार आजच्या घड्याळातल्या बारानंतर सरासरी २६ मिनिटांनी होते. पूर्वी ज्या त्या गावाची दुपार ज्या त्या गावापुरती असे आणि त्यात कोणाचे काही बिघडत नसे. १८६० साली आगगाडी आली आणि ही सोय संपली. एका रुळावर गाड्या धावायच्या तर दोन स्थानकांच्या घड्याळांत भांडण चालत नाही. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती सोलापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे पुढे! तारेतून येणारा एक ठोका दूरदूरच्या स्थानकांवरचे काटे सरळ करी. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने ३९ मिनिटे मागची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. इकडे १८७७ च्या जुन्या मिलपासून गिरण्या वाढल्या आणि कामगारवस्तीचे घड्याळ म्हणजे भोंगा झाला.

हाच ठोका पुढे दूरचित्रवाणीने उचलला. मुंबई केंद्र १९७२ चे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या शेजारच्या विजापूर-गुलबर्ग्याकडील खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्रे उतरली. ते चित्र म्हणजे विणकामच होय. ६२५ आडव्या रेघा, सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक रेघेच्या शेवटी प्रक्षेपक एक ठोका पाठवी आणि घरातला संच त्या इशाऱ्यावर आपला धोटा परत फिरवी. ठोका चुकला की निवेदिका पडद्यावर वरवर सरकू लागे आणि कोणीतरी अँटेना फिरवायला गच्चीवर धावे.

आता अंकीय प्रक्षेपणाचे नवल पाहा. येथे चित्राचे आकडे होतात. मॉड्युलेटर नावाचे यंत्र ते आकडे एकाच लहरीवर न लादता हजारो बारीक लहरींवर वाटून देते. एका प्रचलित पद्धतीत त्या ६,८१७ असतात. आकड्यांचा प्रत्येक घास ८९६ मायक्रोसेकंदांचा. त्याच्या शेपटीचा तुकडा पुन्हा त्याच्याच तोंडाशी जोडतात; हा तुकडा २२४ मायक्रोसेकंदांपर्यंतचा असू शकतो. डोंगरावर आपटून उशिरा आलेला प्रतिध्वनी या जागेत जिरून जातो. तेवढ्या वेळात लहर सुमारे ६७ किलोमीटर जाते. सोलापूर ते पंढरपूर हे सरळ रेषेतले अंतर त्यात सहज बसावे.

म्हणूनच अनेक मनोरे एकाच लहरीवर बोलू शकतात. अट एकच: सर्वांनी तेच आकडे त्याच क्षणी उच्चारायचे. वारीच्या दिंडीत टाळ चुकला तर नुसता बेसूर होतो. येथे एक मनोरा मागे पडला तर दुसऱ्याचेही बोलणे बुडते. त्यासाठी प्रवाहातच ‘अमुक क्षणी सोडा’ अशी चिठ्ठी असते आणि प्रत्येक मॉड्युलेटर उपग्रहाकडून सेकंदागणिक येणारा ठोका ऐकत असतो. लहरींची कंपनेही त्याच घड्याळावर जुळवतात. तो ठोका हरपला तर आतले घड्याळ काही काळ पदरचे चालवते, मग हळूहळू भरकटते.

दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत हे प्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद त्यांत होती, सोलापूर नव्हते. मार्च २०२२ पर्यंत देशातले जुने भूप्रक्षेपक बहुतेक बंद झाले आणि गच्चीवरच्या अँटेना निरुपयोगी झाल्या. गरिबाच्या घरात साध्या काठीने उतरणारे चित्र गेले, याची रुखरुख मला आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न ठोका कोणाच्या हाती, हा आहे. आगगाडीला मद्रासने वेळ दिली, गिरणीला मालकाने. मनोऱ्यांना ती मुख्यतः अमेरिकेच्या उपग्रहांनी दिली. आपल्या स्वतःच्या मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळे, परदेशातून आणलेली, २०१६ मध्ये बंद पडली. म्हणून २९ मे २०२३ रोजी भारतात बनलेले अणुघड्याळ घेऊन एक उपग्रह आकाशात गेला, ही मला या बखरीतली फार मोलाची नोंद वाटते. भोंग्याची दोरी आता थोडी तरी आपल्या हाती आली आहे.